बदललेल्या हृदयाची राखण

सन १९६८ च्या फेब्रुवारीच्या १६ तारखेस मुंबईंत परळ येथील राजे एडवर्ड स्मारक रुग्णालयांत, म्हणजे लोकांच्या तोंडीं असलेल्या के. ई. एम. मध्यें, डॉ. प्रफुल्लकुमार सेन व त्यांचे सहकारी यांनीं एका रुग्णाचें निकामी झालेलें हृदय काढून त्या जागीं दुसऱ्याचें हृदय बसविलें. भारतांतील हा पहिलाच प्रयत्न होय. केप टाऊन येथें डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनीं जगांतील पहिलें हृदयारोपण केलें, त्याला तेव्हां पुरते अडीच महिनेहि लोटले नव्हते. टांके घालून झाले, नवें हृदय धडधडूं लागलें. परंतु सुमारें तीन तासांनीं रुग्ण दगावला. सप्टेंबरमध्यें दुसरा प्रयत्न झाला. तो रुग्ण चौदा तास जगला. पुढें कित्येक वर्षें या गोष्टीचा उल्लेख होई तो एका अपयशी साहसाची आठवण म्हणून. वस्तुतः ते तीन आणि चौदा तास नीट वाचले, तर हृदयारोपणाचा अर्धा इतिहास त्यांत सांपडतो. कारण या शास्त्राची खरी अडचण हृदय बसविण्यांत फारशी नव्हती, बसविलेलें हृदय राखण्यांत होती.

परळच्या दोन्ही रुग्णांच्या मृत्यूचें कारण टांक्यांत नव्हतें. हृदय वर्षानुवर्षें अशक्त राहिलें म्हणजे फुप्फुसांतील रक्त पुढें सरत नाहीं. तें मागें तुंबतें, आणि हळूहळू तेथील रोहिण्या आकसून कठीण होतात. निरोगी शरीरांतून आलेल्या नव्या हृदयाच्या उजव्या कप्प्याला असा दाब ठाऊकच नसतो. सपाटीवर चालणाऱ्या बैलाला भरल्या गाडीसह एकदम घाटांत जुंपावें, तशी त्याची गत होते. तो फुगतो, थकतो आणि थांबतो. आज शस्त्रक्रियेपूर्वींच शिरेंतून बारीक नळी हृदयापर्यंत सोडून हा दाब मोजतात, आणि तो फार वाढलेला व औषधांनीं न उतरणारा आढळल्यास नुसतें हृदय बदलण्याच्या भरीस पडत नाहींत. शस्त्रक्रियेनंतरच्या शुश्रूषेचा पहिला अध्याय शस्त्रक्रियेच्या अगोदरच लिहावा लागतो, हें मुंबईला त्या वर्षीं मोठी किंमत देऊन कळलें.

डॉ. सेन यांना उतावळे ठरविणें मात्र अन्यायाचें होईल. हृदयावरील शस्त्रक्रिया ज्या काळीं आपल्याकडे जवळजवळ अशक्य कोटींतील समजत, त्या काळीं त्यांनीं त्या परळांत रुजविल्या. सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांत हृदयाच्या पोकळींतील रक्त सरळ स्नायूंत झिरपतें, हें पाहून मनुष्याच्या उपाशी पडलेल्या हृदयस्नायूला सुईनें छिद्रें पाडून रक्त पोंचवितां येईल काय, याचा विचार त्यांनीं १९६५ च्या सुमारास मांडला होता. असा विचार सुचणारा मनुष्य नुसता दुसऱ्याची नक्कल करणारा नव्हे. डॉ. पारुळकरांसारखे सहकारी त्यांच्या पाठीशीं होते. प्रयोगशाळेंत कुत्र्यांवर तालीम झालेली होती. नव्हता तो कायदा. मेंदू मृत झाला म्हणजे मनुष्य मृत झाला, ही व्याख्या त्या वेळीं आपल्या कोणत्याहि कायद्यांत नव्हती. खुद्द अमेरिकेंत हार्वर्डच्या समितीनें ती मांडली ती १९६८ च्या ऑगस्टमध्यें. आणि नव्हतीं तीं औषधें. त्यांचा इतिहास पुढें येईल.

तत्पूर्वीं केप टाऊनच्या पहिल्या रुग्णाची हकिकत पाहणें जरूर आहे. लुई वॉशकान्स्की नांवाचा ५४ वर्षांचा एक दुकानदार. ३ डिसेंबर १९६७ रोजीं त्याला नवें हृदय मिळालें. पहिले कांहीं दिवस चांगले गेले. तो बोलूं लागला, थट्टा करूं लागला, आणि त्याच्या प्रकृतीची रोजची वार्ता छापण्याचा जगभरच्या वर्तमानपत्रांनीं सपाटा लावला. नंतर छातीच्या क्ष-किरण चित्रांत फुप्फुसांवर छाया दिसूं लागली. या छायेचे अर्थ दोन होऊं शकत होते. शरीरानें परकें हृदय झिडकारावयास सुरुवात केली असेल, किंवा फुप्फुसांत जंतु शिरले असतील. पहिलें खरें असेल तर शरीराची प्रतिकारशक्ति आणखी दाबली पाहिजे. दुसरें खरें असेल तर ती मोकळी सोडली पाहिजे. दोन निदानें, आणि उपाय अगदीं उलट! डॉक्टरांनीं पहिलें मानलें आणि औषधांची मात्रा वाढविली. होता तो न्युमोनिया. अठराव्या दिवशीं रुग्ण गेला. हृदय शेवटपर्यंत चांगलें चाललें होतें.

आज साठ वर्षें होत आलीं, तरी हृदयारोपण झालेल्या प्रत्येक रुग्णाच्या उशाशीं हाच पेंच बसलेला असतो. शरीराला आपलें कोण आणि परकें कोण हें ओळखण्याची उपजत शक्ति आहे. दुसऱ्या महायुद्धांत भाजलेल्यांच्या अंगावर दुसऱ्याची कातडी लावण्याचे प्रयत्न फसत, त्यांचा अभ्यास करतांना पीटर मेडावर या इंग्रज शास्त्रज्ञानें हें तत्त्व प्रयोगांनीं सिद्ध केलें. त्याबद्दल १९६० सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें. रक्तांतील पांढऱ्या पेशी या शरीराच्या पहारेकरी. जीव वांचविण्यासाठीं आणलेलें हृदय आणि जीव घेण्यासाठीं आलेला जंतु यांत त्या भेद करीत नाहींत. दोघांनाहि चोरच समजतात. त्यांना झोंपविलें तर हृदय वांचतें, पण घर उघडें पडतें.

बर्नार्ड यांचा दुसरा रुग्ण, फिलिप ब्लायबर्ग नांवाचा दंतवैद्य, २ जानेवारी १९६८ पासून पुढें सुमारें साडेएकोणीस महिने जगला. तो घरीं गेला, हिंडला-फिरला, त्याचीं छायाचित्रें पाहून जगाला धीर आला. ऑगस्ट १९६९ मध्यें तो वारला, तेव्हां शवपरीक्षेंत असें दिसलें कीं, नव्या हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या आंतून दाट होऊन जवळजवळ बुजल्या होत्या. जो रोग एरवीं पिकत्या वयाकडे झुकतांना येतो, तो येथें दीड वर्षांत येऊन ठेपला होता. पहारेकऱ्यांचा हा दुसरा, मुकाट्यानें केलेला हल्ला होय. पहिला हल्ला आठवड्यांत कळतो; हा वर्षांनीं.

त्या एका वर्षांत जगभर शंभरांहून अधिक हृदयें बदललीं गेलीं. शस्त्रवैद्यांची ती एक शर्यतच झाली होती, आणि शर्यतींतल्या बहुतेकांनीं नंतर काय करावयाचें याचा विचार केला नव्हता असें म्हटल्यावांचून राहवत नाहीं. रुग्ण एकामागून एक गेले. दोनतीन वर्षांत बहुतेक रुग्णालयांनीं हा नाद सोडला. सोडला नाहीं तो कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्डच्या डॉ. नॉर्मन शमवे यांनीं. गंमत अशी कीं, हृदय बसविण्याची जी रीत बर्नार्ड यांनीं वापरली, ती मुळांत शमवे व त्यांचे सहकारी रिचर्ड लोअर यांनीं १९५९ पासून कुत्र्यांवर प्रयोग करून बसविलेली होती. पहिलेपणाचा मान त्यांच्या हातून गेला. परंतु राखणीचें शास्त्र घडविण्याचें श्रेय त्यांच्याकडे राहिलें, आणि तें कमी मोलाचें नाहीं.

शेताची राखण करणाऱ्याला डुकरें आंत शिरण्याआधीं चाहूल लागावी लागते. शमवे यांच्या मंडळींना पहिली चाहूल मिळाली ती हृदयाच्या विद्युत्-आलेखांत. झिडकारण्याची क्रिया सुरू झाली कीं हृदयाचा स्नायु सुजतो आणि आलेखाच्या रेघांची उंची घटते; औषध वाढविलें कीं ती पुन्हा वर येते. पुष्कळ दिवस एवढ्यावर काम भागविलें. पण रेघ खालीं येईपर्यंत चोर कुंपण ओलांडून आलेला असे. म्हणून १९७० नंतर तेथें फिलिप केव्ह्ज या तरुण शस्त्रवैद्यानें एक युक्ति काढली. जपानी शास्त्रज्ञांनीं पूर्वीं बनविलेल्या एका चिमट्यांत सुधारणा करून, मानेच्या उजव्या बाजूच्या शिरेंतून तो हृदयाच्या उजव्या कप्प्यांत न्यावयाचा, आणि आंतील भिंतीचे एक-दोन मिलिमीटरांचे तुकडे खुडून आणावयाचे. भूल फक्त मानेपुरती. रुग्ण जागा असतो. मार्गारेट बिलिंगहॅम या बाईंनीं त्या तुकड्यांत सूक्ष्मदर्शकाखालीं काय पाहावयाचें याची शिस्त लावली: पांढऱ्या पेशी किती जमल्या आहेत, आणि स्नायूच्या पेशी खावयास त्यांनीं सुरुवात केली आहे कीं नाहीं. रुग्णाला कांहींहि वाटत नसतां, तो सकाळीं फिरून आलेला असतां, आंत काय चाललें आहे हें या तुकड्यावरून कळूं लागलें. वॉशकान्स्कीच्या डॉक्टरांपाशीं असा तुकडा असता, तर छायेच्या दोन अर्थांतून एक निवडण्यासाठीं त्यांना तर्क करावा लागला नसता. १९६८ सालीं स्टॅनफर्डचे पांचांत एकाच्या आसपास रुग्ण वर्ष काढीत; दहा वर्षांनीं तिघांत दोघे काढूं लागले. शस्त्रक्रिया तीच होती.

उरलें तें काम एका बुरशीनें केलें. नॉर्वेमधील हार्डांगर पठारावरून सुट्टीवर गेलेल्या एका कर्मचाऱ्यानें आणलेल्या मातींत ती सांपडली. स्वित्झर्लंडमधील सँडोझ कंपनीच्या प्रयोगशाळेंत १९७२ च्या सुमारास तिच्यांतील सायक्लोस्पोरिन या द्रव्याचा गुण ध्यानांत आला: सगळे पहारेकरी न मारतां, हल्ल्याची हांक देणाऱ्या पेशींचाच आवाज तें बंद करतें. केंब्रिजच्या रॉय कॅल्न यांनीं १९७८ मध्यें तें मूत्रपिंडारोपणाच्या रुग्णांना दिलें. स्टॅनफर्डनें १९८० च्या अखेरीस हृदयाच्या रुग्णांना. त्यानंतर बंद पडलेलीं केंद्रें पुन्हां उघडलीं. १९८४ मध्यें जपानांतील त्सुकुबा येथील मातींतून टॅक्रोलिमस हें त्याच जातीचें अधिक प्रभावी औषध निघालें, आणि आज बहुतेक रुग्णांची मुख्य भिस्त त्यावरच असते. दोन्ही औषधें मातींतूनच यावीं हा योगायोग खरा. पण या रुग्णांना मातीपासूनच जपावें लागतें, हेंहि खरें.

भारतानें पुढचें पाऊल टाकलें तें १९९४ मध्यें. त्या वर्षीं मानवी अवयवारोपणाचा कायदा संमत झाला. मेंदूच्या मृत्यूला मान्यता मिळाली. आणि ३ ऑगस्ट १९९४ रोजीं दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत डॉ. पी. वेणुगोपाळ यांनीं केलेलें हृदयारोपण यशस्वी झालें. तो रुग्ण दहा वर्षांहून अधिक जगला. महाराष्ट्रांत कायदा १९९५ च्या फेब्रुवारींत लागूं झाला. मुंबईनें मात्र पुष्कळ वाट पाहिली. १९६८ नंतर त्या शहरांत यशस्वी हृदयारोपण झालें तें २०१५ च्या ऑगस्टमध्यें, डॉ. अन्वय मुळे यांच्या हातून, मुलुंड येथें. हृदय पुण्याहून आलें होतें. काढलेलें हृदय बर्फांत ठेवून सुमारें चार तासच टिकतें, त्यामुळें त्याच्यासाठीं रस्ते मोकळे करण्याची पोलिसांची धांवपळ लोकांनीं कौतुकानें पाहिली. एका हृदयासाठीं शहर चार तास थांबतें. पण त्या हृदयाची राखण चार तासांची नसते. ती रुग्णाच्या आयुष्याइतकी असते, आणि बहुधा रस्ता मोकळा नसलेल्या ठिकाणीं करावी लागते.

असें एखादें ठिकाण डोळ्यांपुढें आणावें म्हणून धुळें जिल्ह्यांतील पिंपळनेर घ्यावें. इंग्रजी अमदानींत खानदेश जिल्ह्याचा हा एक तालुका होता. आतां तें साक्री तालुक्यांत मोडतें. सह्याद्रीच्या पायथ्याशीं, पांझरेच्या कांठीं वसलेलें हें बाजाराचें गांव. आसपास शेती आणि पश्चिमेस डोंगर. येथून मुंबईची वाट सुमारें ३०० किलोमीटरची. धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथें क्ष-किरण चित्र निघेल, ध्वनिलहरींनीं हृदयाची तपासणी होईल, न्युमोनियाचा उपचारहि होईल; परंतु हृदयाचा तुकडा खुडून वाचणारीं केंद्रें मुंबई-पुण्यासारख्या शहरांत. पहिल्या महिन्यांत हा तुकडा दर आठवड्याला, नंतर पंधरवड्याला, पुढें महिन्याला, अशी पहिल्या वर्षांत दहा-पंधरा वेळां ही तपासणी होते. म्हणून पहिले निदान तीन महिने रुग्णानें घरच्या एका माणसासह रुग्णालयाच्या आसपास बिऱ्हाड करावें असा दंडक आहे. ज्या घरांत कर्ता पुरुषच रुग्ण आणि त्याच्याबरोबर राहणारी त्याची बायकोच शेत पाहणारी, त्या घराला हे तीन महिने शस्त्रक्रियेच्या खर्चाइतकेच जड जातात. केंद्रांतील डॉक्टर नांव नोंदवितांना घरचीं माणसें, अंतर आणि औषधांचा खर्च यांची चौकशी करतात, तेव्हां ती कित्येकांना लागते. गरिबाला हृदय नाकारावयाचें आहे असें वाटतें. तशी भीति अगदींच निराधार नाहीं. पण हृदय दुर्मिळ असतें, आणि राखण नसलेल्या शेतांत बीं टाकावें कीं नाहीं हा प्रश्न कोणाला तरी सोडवावाच लागतो. तो सोडविण्याचा न्याय्य मार्ग म्हणजे अंतर कमी करणें, हें सांगावयास नको. तुकड्याऐवजीं रक्तावर भागावें असे प्रयत्न गेल्या वीस वर्षांत झाले आहेत: पांढऱ्या पेशींतील जनुकें कशीं जागीं होत आहेत, किंवा दात्याच्या हृदयाच्या मोडलेल्या पेशींतून सुटलेलें जनुकद्रव्य रक्तांत किती तरंगतें आहे, यावरून आंतील हालहवाल ओळखतां येते. या तपासण्या महाग आहेत आणि तुकड्याची गरज त्यांनीं पुरती संपविलेली नाहीं.

गांवीं परतल्यावर जी राखण करावयाची, तींत यंत्रांचा भाग थोडा. सकाळीं उठल्यावर वजन, ताप, रक्तदाब आणि नाडी वहींत लिहावयाची. दोनतीन दिवसांत वजन दोन किलो वाढलें, घोट्यांवर सूज आली, जिना चढतांना धाप लागली, किंवा ताप १०० अंशांच्या वर सरकला, तर तो दिवस वाट पाहण्यांत घालवावयाचा नाहीं. एरवींच्या मनुष्याला जो ताप दोन दिवसांत उतरतो, तो येथें रात्रींत फुप्फुसें व्यापूं शकतो. नाडीबद्दल एक चमत्कारिक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हृदय बदलतांना त्याच्या मज्जातंतूंचे धागे तुटतात. त्यामुळें हें हृदय स्वस्थ बसल्यावरहि मिनिटाला ९० ते ११० ठोके देतें. धांवावयास लागलें तर लगेच वेग घेत नाहीं, रक्तांतून उत्तेजक द्रव्य येऊन पोंचेपर्यंत थांबतें. थांबल्यावर लगेच उतरतहि नाहीं. गांवचा नवा डॉक्टर ती नाडी पाहून घाबरला तर नवल नाहीं. त्याहून गंभीर परिणाम असा कीं, दुखणें सांगणारे धागेच नसल्यानें ब्लायबर्गच्या रोहिण्या बुजविणारा तो रोग झाला तरी छातींत कळ सहसा येत नाहीं. शरीरानें ओरडून सांगण्याची सोय उरत नाहीं. म्हणून कांहींहि होत नसतां वर्षाकांठीं रोहिण्यांचें चित्र काढवून घ्यावें लागतें.

पथ्याचा भाग गृहिणींच्या कामाचा आहे. पाणी उकळलेलें, दूध तापविलेलें, अन्न ताजें. पपनस व त्या जातीचीं कांहीं फळें वर्ज्य. त्यांच्यामुळें औषध आंतड्यांत मोडत नाहीं आणि रक्तांत त्याचा सांठा वाढतो. भिजून बुरसलेला कडबा, उकिरडा, बंद पडलेलें धान्याचें कोठार, कबुतरांची घाण, यांतून उडणारी बुरशी इतरांना शिंक देऊन सोडते. या रुग्णाच्या फुप्फुसांत ती घर करते. शेतकऱ्याला शेतापासून कायमचें तोडणें बरोबर होणार नाहीं, पण गंज उपसण्याचें काम दुसऱ्यानें करावें. दुकानांतून मागून घेतलेली अंगदुखीची गोळी मूत्रपिंडाला, आधींच टॅक्रोलिमसनें शिणलेल्या मूत्रपिंडाला, फार महागांत पडते. जिवंत जंतूंच्या लसी चालत नाहींत.

आपल्या देशांत सर्वांत अवघड पेंच क्षयाचा. आंत निजलेला क्षय पहारेकरी झोंपतांच उठतो. त्यावरचें उत्तम औषध रिफाम्पिसिन. पण तें यकृताला इतकें कामाला लावतें कीं, टॅक्रोलिमस रक्तांत टिकतच नाहीं. क्षय बरा होत असतांना हृदय जाऊं शकतें. साक्री-पिंपळनेरच्या एखाद्या दवाखान्यांत क्षयाच्या सरकारी गोळ्या चांगल्या बुद्धीनें सुरू करतांना मुंबईला एक दूरध्वनि गेला पाहिजे. एवढ्याशा गोष्टीवर सारें अवलंबून राहतें.

आणि हृदय जाण्याचें जें अगदीं साधें कारण, तें गोळी चुकणें. एक-दोन वर्षें बरीं गेलीं, मनुष्य कामाला लागला, कीं पेरणीच्या घाईंत एक मात्रा राहते, पैशांच्या ओढाताणींत आठवडा राहतो. लगेच कांहीं होत नाहीं, हाच खरा धोका. तरुण रुग्णांत हें विशेष आढळतें. आपण इतरांसारखे आहों असें वाटण्याची त्यांची इच्छा स्वाभाविकच असते. जगभरच्या नोंदींप्रमाणें आज हृदयारोपण झालेले निम्म्याहून अधिक रुग्ण बारा वर्षें ओलांडतात. केप टाऊनला १९७१ मध्यें हृदय मिळालेला बर्नार्ड यांचा एक रुग्ण, डर्क व्हॅन झाइल, सायक्लोस्पोरिन येण्यापूर्वींच्या जुन्याच औषधांवर सुरुवात करून तेवीस वर्षें जगला. अशा माणसांच्या घरीं औषधाची वेळ देवपूजेसारखी पाळली जात असली पाहिजे.

टॅक्रोलिमसची रक्तांतील पातळी मोजतात ती नॅनोग्रॅममध्यें, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागांत. पहिल्या कांहीं महिन्यांत एका मिलिलिटर रक्तांत सुमारें दहा ते पंधरा, पुढें पांच ते दहा. खालीं गेली तर हृदय धोक्यांत, वर गेली तर मूत्रपिंड. या तपासणीसाठीं रुग्णाला मुंबईस जावें लागत नाहीं. गांवांतच काढलेलें रक्त शहरांतील प्रयोगशाळेकडे पाठवितां येतें. अट एकच. आदल्या रात्रींच्या गोळीनंतर बारा तासांनीं, सकाळची गोळी पोटांत जाण्यापूर्वीं तें काढलें पाहिजे. रक्त नेणारी गाडी सकाळीं दहाला सुटत असेल, तर रात्रींची गोळी नऊला घेऊन नऊला दंड पुढें करावा, गोळी खिशांत ठेवावी, आणि सुई निघाल्यावर तेथेंच पाण्याबरोबर ती घ्यावी. गोळी अगोदर घेतली गेली असल्यास तसें नळीवरच्या चिठ्ठींत वेळेसह लिहावें, म्हणजे मुंबईचा डॉक्टर त्या आंकड्यावरून मात्रा उगाच कमी करणार नाहीं.